ढगाचं खापर

गुरू ग्रहाच्या ध्रुवांवर जो प्रकाश पेटतो, त्याच्या अभ्यासावर पोट भरणारी माणसं जगात फार तर दोनेकशे असतील. त्यांतली काही सेंदाईत, टेकडीवरच्या एका विद्यापीठात चौथ्या मजल्यावर बसतात. शिकलेली, शहाणी माणसं. गुरूच्या आभाळात विजेचा एखादा कण कुठल्या वाटेनं कोसळेल हे ती गणित करून सांगतात आणि ते बहुतेक वेळा खरं निघतं. याच माणसांचं असंही म्हणणं होतं, की तोमोए शिगेनो खोलीत बसली की सहा हजार किलोमीटर लांब, हवाईतल्या डोंगरावर ढग येतात.

म्हणणं म्हणजे तसं सरळ कुणी म्हणत नसे. विचारलं असतं तर सगळे हसून मोकळे झाले असते, थट्टा आहे म्हणाले असते. थट्टेचं हे बरं असतं. तिला पुरावा द्यावा लागत नाही आणि ती मागेही घ्यावी लागत नाही.

अशा बाईला जपानात आमे-ओन्ना म्हणतात, म्हणजे पाऊसबाई. ती सहलीला निघाली की पाऊस, मैदानावर आली की पाऊस. आपल्याकडची पांढऱ्या पायाची आणि ही, दोघी सख्ख्या बहिणी. फरक इतकाच, की हिला नाव ठेवताना हसायचं असतं आणि हिनंही हसायचं असतं. तोमोए हसत असे.

नाव पडलं ते असं. एक यान गुरूभोवती फिरतं आहे. लांबलचक फेरा मारून ते महिन्या-दीड महिन्यातून एकदा ग्रहाच्या अगदी जवळून, ध्रुवावरून जातं. ते जात असताना पृथ्वीवरून दुर्बिणींनी त्याच ध्रुवाकडे पाहायचं, म्हणजे तिथे जाऊन मोजलेलं आणि इथून पाहिलेलं एकमेकांना जोडता येतं. सेंदाईच्या लॅबला डोंगरावरच्या दुर्बिणीची वेळ वर्षातून एकदा मिळायची. वेध सेंदाईतल्या खोलीत बसूनच, पडद्यावर घ्यायचे. तीन वर्षं मुख्य खुर्चीत तोमोए बसली आणि तिन्ही वर्षं ढग आले. हिवाळ्यात त्या डोंगरावर ढग येतातच. शेजारच्या दुर्बिणींवर बसलेल्यांनाही तेव्हा ढगच दिसले होते. पण शेजारी कोण बसलं होतं हे विचारायला कुणाला वेळ होता?

पहिल्यांदा बोलला तो रेंतारो कुजी. तोमोएसारखाच मुदतीच्या नोकरीवरचा सहायक, तिच्याहून दोन वर्षांनी मागे, सदा हसतमुख. वर्ष सरताना सगळे मिळून प्यायला जातात आणि सरलेलं वर्ष विसरतात, त्या मेजवानीत त्यानं तिला कागदात गुंडाळलेली एक घडीची छत्री दिली. "शिगेनो-सान, दुसऱ्यांना भिजवता, निदान स्वतः तरी कोरड्या राहा." तोमोएनं छत्री तिथेच उघडून डोक्यावर धरली. सगळे पोट धरून हसले. त्या वेळी ती छत्री त्याच्या डोक्यात घातली असती तर बरं झालं असतं, पण हे नंतरचं शहाणपण. पुढल्या वर्षी त्यानं दुसरी छत्री दिली. त्याच्या पुढल्या वर्षी, ढग आल्यावर, खिडकीतल्या तेरू-तेरू-बोझूचं डोकं कात्रीनं कापून त्यानं तिच्या टेबलावर आणून ठेवलं. भिंग पुसायच्या मऊ कागदाची बाहुली ती. पाऊस जावा म्हणून पोरं खिडकीत टांगतात, आणि पाऊस आलाच तर तिचं मुंडकं उडवतात. रीतच आहे तशी. तोमोएनं ते डोकं उचलून कचऱ्यात टाकलं आणि तेव्हाही ती हसली.

हे सगळं चालून गेलं असतं. पण या वर्षीची गोष्ट वेगळी होती.

या वर्षी, एकदाच, तिघं एकाच वेळी पाहणार होते. यान ध्रुवावरून जाताना कोसळणारे कण मोजणार, अंतराळातली मोठी दुर्बीण त्याच ध्रुवाची अतिनील रंगातली चित्रं घेणार आणि डोंगरावरची दुर्बीण तिथली उष्णता पाहणार. एकट्यानं पाहिलं की आंधळ्यानं हत्ती चाचपल्यासारखं होतं, कुणाच्या हाती सोंड लागते, कुणाच्या शेपूट. यानाचा मार्ग दर फेऱ्याला थोडा सरकत होता. यानंतर ते ज्या बाजूनं जाणार होतं ती पृथ्वीवरून दिसणारच नव्हती. हे तिघांचं जुळवून आणलं तोमोएनं. दोन वर्षं ती अमेरिकेतल्या माणसांशी त्यांच्या सकाळी आणि बेल्जियममधल्या माणसांशी त्यांच्या दुपारी बोलत राहिली. कुणाला मनवलं, कुणाची माफी मागितली, एकाच्या मुलीच्या लग्नाची तारीख सांभाळून बैठक ठेवली. प्रस्ताव तिचा, जुळणी तिची.

आणि तिची नोकरी मार्चअखेर संपत होती. फेब्रुवारीत नेमणुकीची समिती बसायची होती, कायमची जागा एकच होती आणि उमेदवार दोन, ती आणि कुजी. तिच्याआधीचा सहायक मुदत संपल्यावर मोरिओकात शिकवणीच्या वर्गात दहावीच्या पोरांना वर्गमुळं शिकवत होता. तोमोए अडतीस वर्षांची होती. तिला ती वर्गमुळं स्वप्नात दिसायला लागली होती.

त्या लॅबचा एक रिवाज होता, कुठे लिहिलेला नाही, पण दगडावरची रेघ. वेध घेताना मुख्य खुर्चीत जो बसेल, पहिला लेख त्याच्या नावानं. प्रस्ताव कुणाचा का असेना. म्हणजे खुर्ची मिळाली की लेख, लेख मिळाला की जागा.

जानेवारीतल्या बैठकीत ओयामादा सेन्सेईंनी विचारलं, "तर त्या दिवशी खुर्चीत कोण?"

ओयामादा सेन्सेई लॅबचे प्रमुख, साठीला टेकलेले. वेधाच्या दिवशी ते दर वर्षी तोच हिरवा टाय घालत. विचारलं तर म्हणत, बाकीचे धुवायला टाकलेत.

"शिगेनो-सान," इसोगाई म्हणाली. "प्रस्ताव त्यांचा आहे."

नात्सुमे इसोगाई डॉक्टरेट करणारी विद्यार्थिनी, लॅबमध्ये सगळ्यांत धाकटी. गोल चेहऱ्याची, आकिताकडची, मनात येईल ते बोलून टाकणारी.

"प्रस्ताव शिगेनो-सानचा, हो," कुजी म्हणाला, "आणि ढगही शिगेनो-सानचेच. बाईंचं काम कधी अर्धवट नसतं."

सगळे हसले. तोमोएही हसली.

"शिगेनो, तू शेवटची रजा कधी घेतलीस?" सेन्सेईंनी विचारलं.

"आठवत नाही, सेन्सेई."

"बघा. त्या दिवशी सरळ आकिउला जा. गरम पाण्यात डुंबत बस. खर्च लॅबचा. तुझी तब्येतही सुधारेल आणि आमचं आकाशही."

पुन्हा हशा. तोमोए हसली आणि थांबली. आता सेन्सेई म्हणतील, बरं, आता मुद्द्याचं बोलू. सेन्सेईंनी समोरचं पान उलटलं. "तर खुर्चीत कुजी. पुढचा विषय."

"सेन्सेई, हे बरोबर नाही," इसोगाई म्हणाली. "ढगांना काय कळतं खोलीत कोण बसलंय ते? आपण शास्त्रज्ञ आहोत ना?"

जेवणाच्या पंगतीत कुणी मोठ्यानं नाक शिंकरावं, तशा सगळ्यांनी माना खाली घातल्या. सेन्सेई रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत, तोच त्यांचा वाईट गुण होता.

"इसोगाई, तू नवी आहेस," ते म्हणाले. "माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण त्या दिवशी परदेशातली माणसं पडद्यावर आपल्याकडे बघत असणार. कुणाच्या मनावर दडपण नको. शिगेनोला स्वतःलाच बसायला धाकधूक होत असेल. काय गं?"

"होते थोडी," तोमोए म्हणाली. काय म्हणणार दुसरं?

बैठकीनंतर ती त्यांच्या खोलीत गेली. उभी राहूनच बोलली. "सेन्सेई, समितीपुढे माझ्याकडे दाखवायला हाच एक लेख असणार होता."

"दुसरं नाव तुझंच राहील की."

"दुसऱ्या नावाला जागा मिळत नाही, सेन्सेई."

"समितीत मीही असतो, शिगेनो." ते चष्मा पुसत होते. "मला तिथे तुझ्याबद्दल काहीतरी सांगायचं असतं. तीन वर्षं तू बसलीस, तीन वर्षं हात हलवत परत आलीस. आता तू नसताना आकाश उघडलं, तर काय सांगायचं ते मला आपोआप कळेल. नाही उघडलं, तर तेही कळेल. खरं तर तुझी परीक्षाच घेतोय मी, आणि तीही तुला पाण्यात बसवून."

ते हसले. तिनं कमरेत वाकून नमस्कार केला आणि बाहेर आली.

बाहेर इसोगाई उभी होती. यंत्रातून काढलेला कॉफीचा गरम डबा तिनं पुढे केला. ती तोमोएला सेनपाई म्हणे, म्हणजे वरिष्ठ सहकारी. "सेनपाई, मी असणार आहे खोलीत. जे होईल ते तुम्हाला कळवत राहीन."

"तू कशाला तोंड घातलंस मध्ये?"

"राहवलं नाही. कुणीतरी म्हणायला हवं होतं ना?"

"म्हटल्यानं काय मिळालं?"

इसोगाईनं डबा आणखी पुढे केला. तोमोएला तिचा मनापासून राग आला. इतकी वर्षं ती थट्टा थट्टाच राहावी म्हणून धडपडली होती, गालफडं दुखेपर्यंत हसली होती, आणि या पोरीनं एका वाक्यात तिचा आरोप करून टाकला. आता सगळ्यांना बाजू घ्यावी लागणार, आणि ती कुणाची घेणार हे उघड होतं. कॉफी मात्र तिनं घेतली, हात गारठले होते.

हवाईतली रात्र म्हणजे सेंदाईतली दुपार. त्यामुळे ही मंडळी जेवणं उरकून, पडदे ओढून, भर उन्हात रात्र जागवत असत. त्या दुपारी तोमोए आकिउच्या स्नानगृहातल्या विश्रांतीच्या दालनात, सुती युकाता घालून, चटईवर बसली होती. ती पाण्यात उतरलीच नव्हती. आजूबाजूला म्हाताऱ्या बायका हिरव्या सोयाबीनच्या वाटणातले मोची खात टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या पाहत होत्या. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. तिच्या हातात फोन होता आणि फोनवर डोंगरमाथ्यावरचं आकाश.

आकाश निरभ्र होतं. धुतल्या काचेसारखं. इसोगाईचा निरोप आला: "घुमट उघडला. गुरू सापडला. सगळं छान."

तोमोएनं ते वाचलं. आणि मग तिच्या मनात जे आलं ते तिनं जन्मात कुणाला सांगितलं नसतं. ये, ती ढगाला म्हणाली. ये बाबा, एवढ्या वेळेला ये. वीस वर्षं ज्याला शिव्या दिल्या त्याला ती आता पदर पसरून बोलावत होती. दोन वर्षं जुळवलेलं सगळं मातीत गेलं असतं, स्वतःचं काम, बेल्जियमच्या लोकांचं, अमेरिकेतल्यांचं. जाऊ दे, ती म्हणाली. ती नसताना आकाश असंच लख्ख राहिलं तर ती कायमची पाऊसबाई. तिकडे यान ध्रुवावरून गेलंसुद्धा होतं. तिथे जे पेटायचं ते पेटून झालं होतं, त्याचा उजेड वाटेत होता आणि तो थोड्या वेळात डोंगरावर पोचणार होता. आता ते फक्त एक ढगच अडवू शकत होता.

आणि ढग आला.

आधी क्षितिजाशी राखाडी पट्टा दिसला, मग आर्द्रतेचा आकडा चढायला लागला, मग लाल झाला. दुर्बीण चालवणारा कानोआ डोंगरावरच असतो, त्यानं नियमाप्रमाणे घुमट मिटला. पडदा पांढरा. तोमोएनं फोन छातीशी धरला. डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचंच. शेजारच्या म्हातारीला वाटलं, तिचा आवडता पैलवान हरला. तिनं तोमोएला एक मोची दिला. तोमोएनं तो खाल्ला. गोड लागला.

मी नाही, ती मनाशी म्हणत होती. मी तिथे नाहीच.

फोन वाजला. कुजी होता, आवाज घुमत होता, म्हणजे सगळी खोली ऐकत होती.

"शिगेनो-सान, कुठे आहात?"

"आकिउला."

"पाण्यात?"

"नाही, बाहेर बसलेय."

"फोनवर आकाश बघताय?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बघत होतात ना?" कुजी म्हणाला. "तरीच. सेन्सेई, मी म्हटलं नव्हतं, त्या तिथून ढग पाठवतायत." मागे कुणीतरी हसलं.

मग सेन्सेईंचा आवाज आला, शांत. "शिगेनो, ते बंद कर. फोन पिशवीत ठेव आणि पाण्यात जाऊन बस. तू मनानं इथेच घुटमळत असशील तर तुला पाठवून उपयोग काय?"

"सेन्सेई, मी तर..." ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे गं, तू मुद्दाम करत नाहीस."

त्या वाक्यानं तोमोएला सगळं लख्ख कळलं. ती खोलीत असली तर ढग तिचा, पन्नास हजार मैलांवर गेली तरी ढग तिचाच. ती मेली असती तर म्हणाले असते, आत्मा भटकतोय. ढगाला धनी लागतो. ढग तिचा नाही असं ती शंभर वेळा सिद्ध करू शकली असती आणि त्यानं काही झालं नसतं. ढग दुसऱ्या कुणाचा आहे एवढंच सांगायचं बाकी होतं.

आणि कुणाचा, हेही तिला शोधावं लागलं नाही. नाव जिभेवर तयारच होतं. ते इतकं तयार का होतं, याचा विचार तिनं केला नाही.

"सेन्सेई," ती म्हणाली, हसत, अगदी कुजीच्या सुरात, "मी पाण्यात जातेच. पण एक गंमत सुचली. आज मी नाही तिथे. कुजी-कुन आज पहिल्यांदा खुर्चीत बसलाय, म्हणजे आधीचे ढग त्याचेही नाहीत. मग चारही वर्षं त्या खोलीत कोण होतं?"

खुर्च्या करकरल्या.

"तुम्ही तर असताच, सेन्सेई, पण तुमचा टाय आहे, तुम्ही सुटलात," ती म्हणाली. एकदोघं हसले. "आणि इसोगाई-सान असते."

"इसोगाई पहिल्या वर्षी कुठे होती?" कुजी म्हणाला. "तेव्हा ती आपल्याकडे नव्हतीच."

"त्या दिवशी लॅब बघायला आली होती. कॉलेजात होती तेव्हा. मागच्या खुर्चीवर बसली होती कोपऱ्यात, तिला चहा मीच दिला. आठवतं का, इसोगाई-सान?"

खरं होतं ते. तोमोएनंच तिला त्या दिवशी चहा दिला होता आणि म्हटलं होतं, ये आमच्याकडे, मजा येईल.

"हो," इसोगाईचा आवाज लांबून आला. "आले होते. त्या दिवशी होते मी." तिला खोटं बोलता येत नसे.

खोलीत आधी एकजण खुसखुसला, मग सगळेच. हसण्यातला ताण मोकळा झाला तो तोमोएला आकिउत बसून ऐकू आला. नवी थट्टा जुनीपेक्षा केव्हाही बरी. कुजीही हसला. त्याला हसावंच लागलं, थट्टेचा पहिला मालक तोच होता.

"इसोगाई," सेन्सेई म्हणाले, प्रेमानं, "जरा खालच्या दुकानातून सगळ्यांना ओनिगिरी आण बघू. सावकाश ये. घाई नाही."

"आत्ता, सेन्सेई? आकडे कोण बघणार?"

"बघू आम्ही. जा तू."

एक खुर्ची सरकली. दार उघडलं, मिटलं. तोमोए फोन कानाशी धरून ऐकत होती. तिला थांबवता आलं असतं. नुसतं म्हणायचं होतं, सेन्सेई, मी थट्टा करत होते. पण थट्टा मागे घेण्याची त्या लॅबमध्ये पद्धतच नव्हती.

डोंगरावरचे ढग येतात तसे जातात. यात कुणाचा हात नव्हता. आर्द्रता उतरली, कानोआनं घुमट उघडला, आणि ध्रुवप्रकाशाचं कडं पडद्यावर असं पेटलेलं दिसलं, की खोलीतली माणसं टाळ्या वाजवायला लागली. इसोगाई तेव्हा दुकानात, ट्यूना भरलेले भाताचे गोळे घ्यावेत की आंबट उमेबोशीचे, असा विचार करत उभी असेल.

"शिगेनो," सेन्सेई फोनवर म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हलला होता, "टॅक्सी कर. ताबडतोब ये. अजून बराच वेळ आहे गुरू मावळायला."

तोमोएनं घाईनं कपडे बदलले, ओल्या न झालेल्या केसांवर टोपी ओढली आणि ती धावली.

चौथ्या मजल्यावर लिफ्ट उघडली तेव्हा इसोगाई बोळात उभी होती, दोन्ही हातांत पिशव्या. अंगावर कोट तसाच, खांद्यावर बर्फ वितळून डाग पडलेले. आतून टाळ्यांचा, हसण्याचा आवाज येत होता.

"आत का नाही गेलीस?"

"उघडलंय ना आकाश?" इसोगाई कुजबुजली. "नको, सेनपाई. आता मध्येच गेले आणि काही झालं तर? तुम्ही जा. ह्या घेऊन जाल का? गार होतायत."

तोमोएनं पिशव्या घेतल्या. दाराची मूठ फिरवायला एकही हात मोकळा नव्हता, म्हणून इसोगाईनंच दार उघडून धरलं आणि आपण भिंतीला चिकटून बाजूला झाली. तोमोए आत गेली. दार मागे मिटलं.

"कुजी, ऊठ," सेन्सेई म्हणाले. "जागा दे. हिनं ढग हाकलला आज."

कुजी उठला. उठताना त्यानं खुर्चीवरची उशी झटकून दिली, हसतमुखानं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तोमोए बसली. पडद्यावरून बेल्जियमच्या माणसानं हात हलवला. ती अगदी शेवटपर्यंत त्या खुर्चीत होती, आणि तिनं काम चोख केलं, कारण काम तिला येतच होतं. तिघांचं जुळलं. जगात पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं ते त्या दुपारी त्या खोलीनं पाहिलं. ओनिगिरी सगळ्यांनी खाल्ल्या. कुणी आणल्या हे कुणी विचारलं नाही.

गुरू मावळल्यावर सेन्सेई म्हणाले, चला, आज जीभ खायची. सेंदाईत आनंद झाला की निखाऱ्यावर भाजलेली बैलाची जीभ खातात. सगळे कोट घालून जिन्यानं उतरले. जाता जाता सेन्सेई तोमोएच्या कानाशी म्हणाले, "समितीची काळजी करू नकोस." ती मागे राहिली, यंत्रं बंद करायला. बाहेर आली तर बोळात इसोगाई अजून उभी.

"झालं, सेनपाई?"

"झालं. छान झालं."

इसोगाईनं मान डोलावली. मग तिनं दोन्ही हात मांडीशी जुळवले आणि कमरेतून वाकली, खूप खाली, आणि तशीच राहिली.

"सेनपाई, मला माफ करा," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मी विचार केला इथे उभं राहून. खरंच आहे ते. शाळेतसुद्धा सहलीला पाऊस यायचा. मी कधी लक्षच दिलं नव्हतं. तीन वर्षं माझ्यामुळे तुम्हाला ते सगळं ऐकून घ्यावं लागलं, छत्र्या घ्याव्या लागल्या, आणि मी तिथेच बसून होते, वर तुमची बाजू घेत होते. मला फार लाज वाटते."

बोळातला दिवा भुणभुणत होता. तोमोए त्या वाकलेल्या मानेकडे पाहत होती. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिला ठाऊक होतं, भौतिकशास्त्र शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण ते वाक्य बोललं की ढग पुन्हा बेवारस झाला असता, आणि त्याला घर कुठलं सापडतं हे तिला चांगलं माहीत होतं.

"असू दे," तोमोए म्हणाली. "तुझ्या लक्षात आलं ना? झालं तर मग."

"पुढच्या वेळी मी सुट्टी घेईन."

"हो. तेच बरं."

इसोगाई सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं. "तुम्ही रागावला नाहीत. आभारी आहे, सेनपाई," ती म्हणाली.

"तू येतेस का जेवायला?"

"नको. तुम्हाला सगळ्यांना चालत जायचंय. मी आले तर बर्फ वाढेल."

तोमोएनं क्षणभर वाट पाहिली, की आपल्याला काही वाटतं का. वाटलं ते एवढंच, की खूप भूक लागली आहे. ती जिना उतरून इतरांच्या मागे गेली.